हाक मारेपर्यंत

१

रोज सकाळी पावणेदहाला प्रांजल डबा पिशवीत टाकायची, चपला घालायची आणि फ्लॅटच्या दाराला बाहेरून कुलूप लावण्याआधी आत डोकावून आईला सांगायची, "आय, मी हाक मारल्याबिगर भाईर यायचं न्हाई."

"व्हय," हरणाबाई म्हणायची आणि भिंतीला टेकून बसायची.

आईला कुलपात ठेवून कामाला जाणं ही काही चारचौघांत सांगायची गोष्ट नव्हे. पण दुसरा इलाज काय होता? हरणाबाईचा सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. आटपाडीकडचा माळ तिचं गाव; पण दिवाळी झाली की घोडीवर बिऱ्हाड लादून मुलूख हिंडायचा आणि पावसाच्या तोंडावर परतायचं. अशा बाईला सांगलीच्या विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवलं. चौथ्याच दिवशी कुठं तरी शेळी ओरडली म्हणून ती जिना उतरली आणि शंभर फुटी रस्त्यावर हरवली. एका भल्या रिक्षावाल्यानं विचारत विचारत आणून सोडली. तेव्हापासून कुलूप. दुसरी किल्ली समोरच्या साबेराभाभींकडं असायची. दुपारी त्या येऊन बघून जात.

प्रांजल बत्तीस वर्षांची, एका कॉलेजच्या ऑफिसात लिपिक. लग्नाचा विषय निघाला की समोरच्याला चहा पाजून ती तो विषय गुंडाळून ठेवायची. फ्लॅट तिनं एकटीनं घेतला होता आणि त्याचा तिला ताठा होता. का असू नये? लहानपणी तिनं डोक्यावर छप्पर म्हणून गोणपाटाचं पाल तेवढं बघितलं होतं. आता तिला दार होतं, उंबरा होता, आणि आत आई होती. संध्याकाळी जिना चढताना कुणीतरी आपली वाट बघतंय हे मनात यायचं आणि तिला फार बरं वाटायचं.

२

हॉल तसा मोकळाच. एका भिंतीला सोफा, दुसरीला टीव्ही, मधे नुसती फरशी. स्वयंपाकघरातून खिडकीकडं जायला आठ पावलं.

हरणाबाई ती आठ पावलं सरळ टाकत नव्हती.

पहिल्यांदा प्रांजलचं लक्ष गेलं ते चहामुळं. खिडकीपाशी बसलेल्या लेकीला चहा द्यायला हरणाबाई निघाली ती सोफ्याच्या कडेकडेनं, कोपऱ्यात वळली, परत हॉलच्या मध्यावर आली आणि थांबली. एका हातात कप. दुसऱ्या हातानं तिनं लुगड्याचा काठ घोट्यावरून उचलला, मान खाली घालून वाकली, एक पाऊल उंच टाकलं आणि मग ताठ होऊन पुढं आली. तिथं काही नव्हतं. पंख्याचं वारं तेवढं होतं.

प्रांजलनं स्वतःची समजूत घातली. फरशी चकाकते, म्हातारं माणूस घसरायला भितं. तिनं सतरंजी अंथरली. हरणाबाई सतरंजीवरून तशीच वळसा घालून चालली. मग डोळ्यांचा डॉक्टर झाला. तो म्हणाला, नजर तुमच्यापेक्षा चांगली आहे. मग दुसरा डॉक्टर झाला. अठ्ठावन्न म्हणजे फार वय नाही, पण होतं असं काहींना, म्हणाला आणि गोळ्या दिल्या. गोळ्या घेऊन हरणाबाईला झोप चांगली लागायला लागली. वळसा चालूच राहिला.

एका रविवारी प्रांजल खडू घेऊन फरशीवर बसली. आई जिथं जिथं अडायची तिथं ती रेघ मारत गेली. हरणाबाईची काही हरकत नव्हती. ती आपली दिवसभर भांडी, कपडे, खिडकी करत राहिली. दुपारी तीनच्या सुमारास रेघा एकमेकींना येऊन मिळाल्या. एक लांबट चौकोन. कोपऱ्यात छोटा चौकोन, चुलीएवढा. मधे एक आडवी भिंत. आणि एका बाजूला हातभर मोकळी जागा, जिथं आई वाकत होती.

प्रांजलनं खडू खाली ठेवला. हे घर तिनंच मांडलेलं होतं.

३

मेंढरांचा तळ पडला की मोठ्यांना शंभर कामं असतात आणि पोरांना एकही नसतं. प्रांजल मग दगड गोळा करायची आणि घर मांडायची. दगडांच्या ओळी म्हणजे भिंती. कोपऱ्यात चूल. दोन दगडांमधली फट म्हणजे दार. भिंत ओलांडून कुणी यायचं नाही, असा तिचा कडक कायदा होता. बाप, नानासो, मुद्दाम भिंत तुडवत यायचा आणि ती आकांत करायची.

आईनं मात्र तो कायदा कधी मोडला नाही. डोक्यावर घागर, काखेत सरपण, आणि तरीही हरणाबाई वळसा घालून दाराशी यायची, काठ उचलून नसलेला उंबरा ओलांडायची, नसलेल्या चौकटीखाली वाकायची. "चौकट लय बुटकी केलीस गं," म्हणायची. "घागर आपटली की माझी." मग खोटं खोटं जेवायची, खोटं खोटं झोपायची, आणि खऱ्या कामाला उशीर झाला म्हणून नवऱ्याच्या शिव्या खाऊन त्याला दुप्पट शिव्या घालायची. जीभ फार तिखट होती तिची, आणि गळा गोड.

तिचं सांगणं एकच असायचं. तळ उठला की म्हणायची, "घर मोडून ये गं. मांडलेलं घर मागं ठिवू न्हाई." का, ते तिनं कधी सांगितलं नाही आणि पोरीनं विचारलं नाही.

लोणंदजवळ केरबा नावाच्या शेतकऱ्याच्या रानात त्यांनी वीस दिवस मेंढरं बसवली होती. रानाला खत, यांना धान्य. केरबाच्या घराला सिमेंटचा ओटा होता आणि टीव्ही होता. आठ वर्षांची प्रांजल तिथून हलायला तयार नव्हती. तळ उठायच्या सकाळी तिनं आईला दगडांच्या घरात बोलावलं. हाताखाली इतकं काम असून हरणाबाई आली, वाकली, आत जाऊन बसली.

"हे आपलं घर हाय," पोरगी म्हणाली. "तू हितंच ऱ्हा. मी हाक मारल्याबिगर भाईर यायचं न्हाई." आणि पोटाशी धरून आणलेला एक जड दगड तिनं दारात लावला.

आई आत बसली म्हणजे तळ उठणार नाही, हे तिचं गणित. ती केरबाच्या ओट्यावर जाऊन दुपारपर्यंत फुगून बसली. परत आली तेव्हा बिऱ्हाड लादलेलं होतं आणि घोडीचा कासरा धरून आई उभी होती.

"मी हाक मारली न्हाई. तू भाईर कशी आलीस?"

आईनं तिच्याकडं पाहिलं. "चल," एवढंच म्हणाली. दगडांचं घर तसंच होतं, दारातला दगडही जागचा हलला नव्हता. घर मोडून ये, असं त्या दिवशी कुणी म्हणालं नाही.

पुढच्या तळावर प्रांजलनं पुन्हा घर मांडलं. आई घागर घेऊन आली आणि भिंतीवरून सरळ चालत गेली. आई रुसली असणार, असं पोरीनं धरलं. त्यानंतर तिनं घर मांडलं नाही, आणि पुढच्या वर्षी तिला आश्रमशाळेत घातली.

शाळेच्या फाटकाशी दर पंधरा दिवसांनी आई यायची. दहा-दहा कोस चालून, फडक्यात भाकरी बांधून. बोलायची नाही फारशी. पोरीला ताप आला तेव्हा सहा दिवस फाटकाबाहेर लिंबाखाली बसून राहिली. मैत्रिणींनी विचारलं, कोण गं ती? प्रांजलनं सांगितलं, आमच्याकडची बाई आहे. हरणाबाईनं ते ऐकलं. तिनं भाकरी तेवढी पुढं केली.

ते वाक्य प्रांजलला कळायला पंधरा वर्षं लागली. कळलं तेव्हा ती नोकरीच्या गावी भाड्याच्या खोलीत एकटी बसून जेवत होती, आणि तिनं ताट बाजूला सारलं. हा फ्लॅट तिनं घेतला तो त्या एका वाक्यासाठी. या आईला एकदा खऱ्या दारातून आत आणायचं होतं.

४

हरणाबाई लसूण सोलत होती.

"आय, तू अशी वळून का जातीस?"

"भित हाय की."

"कुठं हाय?"

"तूच मांडलीस. रोज सांगून जातीस न्हवं, हाक मारल्याबिगर भाईर यायचं न्हाई म्हणून."

प्रांजलनं पाणी प्यायलं. आपण रोज सकाळी तेच शब्द बोलतोय हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. "लोणंदला मी असंच म्हणाली हुती. तुला आठवतंय व्हय ते?"

"मला कसं आठवंल?" हरणाबाईनं पाकळी ताटलीत टाकली. "मी कुठं हुती आत? आत आधीची बाई हुती."

हे ती इतक्या साधेपणानं म्हणाली, की जणू या खोलीत आधी कोण भाडेकरू होतं ते सांगत होती. वय झालं की माणसं काहीबाही बोलतात, असं प्रांजल मनाशी म्हणाली. रात्रीच्या गोळ्या विसरू नको, असं आईला म्हणाली.

आठवड्यानं बाजरीचं पोतं खांद्यावर टाकून नानासो आला. गावाकडं मेंढरं आता त्याचा थोरला लेक बिरदेव बघायचा. म्हाताऱ्याला येणं-जाणं मोकळं होतं. हरणाबाईनं त्याला पाणी आणून दिलं, वळसा घालून, मधे वाकून. नानासोनं ते पाहिलं. त्याला नवल वाटलं नाही, आणि प्रांजलला त्याचीच जास्त भीती वाटली.

आई आत भाकरी थापत होती तेव्हा तिनं बापाला हळू आवाजात सगळं सांगितलं. नानासो टोपी हातात फिरवत राहिला.

"तुझी आय डावरी हुती," तो म्हणाला.

"आय? आय तर उजव्या हातानंच..."

"आता. लोणंदच्या आदुगर डावरी हुती. भाकरी डाव्या हातानं थापायची, सारवायची डाव्या हातानं, मला मारायची बी डाव्या हातानं. लोणंदपासनं ती एकदा बी भांडली न्हाई माझ्यासंगं. गाणं म्हणाली न्हाई. चोवीस वर्सं झाली."

"आणि तुमी काय बोलला न्हाई?"

"कुणाला बोलू? काय बोलू? तू ल्हान, म्होरं मेंढरं. हिनं रांधलं, हिनं तुला माया लावली, त्यात काय कमी केलं न्हाई. म्हणलं, बाई दमली आसंल." त्यानं नाक पुसलं. "मी त्या घराकडं माघारी वळून बघितलं न्हाई, प्रांजे. बघायला पायजे हुतं."

आतून भाकरीचा आवाज थांबला होता. हरणाबाई दारात उभी होती, परात हातात घेऊन. "जेवून घ्या," ती म्हणाली.

५

दुसऱ्या सकाळी लोणंदला निघताना प्रांजल रोजचं वाक्य बोलली नाही.

"सांगितलं न्हाईस?" हरणाबाईनं विचारलं.

"आज न्हाई सांगत. कुलूप पण न्हाई. साबेराभाभी बसतील तुझ्यापाशी."

"मग मी काय करू?" हरणाबाईनं विचारलं. शाळेच्या पहिल्या दिवशी पोर विचारतं तसं. प्रांजलला जावंसं वाटेना. तिनं आईची पाठ थोपटली आणि बापामागं जिना उतरली. सांगलीहून गाडी मिळाली. दोघं लोणंदला उतरले.

केरबा अजून होता, खाटेवर. त्यानं नानासोला आवाजावरून ओळखलं. रानाच्या दोन अंगांना आता कंपन्यांचे पत्रे उभे होते, मधे ऊस होता. "तुमच्या तळाचा तुकडा पडीक हाय," केरबा म्हणाला. "बैल तिथं आडायची. आता ट्रॅक्टरवाला म्हणतोय, दगडं लागत्यात. म्या म्हणलं, ऱ्हाऊ दे."

भर दुपारी ते तिथं पोचले. ऊन कडक होतं, सावली कुठंच नव्हती. सगळीकडं कुसळं आणि रानतुळस गुडघाभर वाढलेली, आणि मधोमध दगडांचा लांबट चौकोन. दारात दगड. तेव्हा तिला तो पोटाशी धरून आणावा लागला होता. आता तो तांब्याएवढा दिसत होता.

चौकोनात गवताची काडी नव्हती. जमीन शेणानं सारवलेली होती. सारवण ओलं होतं.

प्रांजल खाली बसली. बोटांचे फराटे स्पष्ट उमटले होते, एकाला लागून एक, आणि सगळे उजवीकडून डावीकडं वळत गेलेले.

नानासोनं टोपी काढली. "हरणे," त्यानं हाक मारली, फार हळू. काही झालं नाही. "माझी न्हाई चालायची," तो म्हणाला. "तू मार."

आत कुणी दिसत नव्हतं. पण ओल्या शेणाचा वास येत होता, आणि मधेच कुणीतरी घसा साफ केल्यासारखा आवाज झाला. बराच वेळ गप्प बसलेलं माणूस, आता आपल्याला बोलावतील असं वाटलं की करतं तसा.

प्रांजलनं दारातल्या दगडावर हात ठेवला. ही तिची आई होती. हिनं तिच्यासाठी रिकाम्या हवेत मान वाकवली होती, आणि आठ वर्षांच्या पोरीचा शब्द मोडायचा नाही म्हणून चोवीस वर्षं ही इथं बसली होती. पण फाटकाबाहेर लिंबाखाली बसली होती ती कोण? दहा कोस चालली होती ती कोण? हिला बाहेर काढली तर तिचं काय होईल? दोघींना एकाच घरात जागा असेल, असं तिचं मन क्षणभर म्हणालं, आणि तिनं तेवढ्याच आशेवर दारातला दगड उचलून बाजूला ठेवला. दगड उचलणं म्हणजे काही हाक मारणं नव्हे.

६

पिशवीतला फोन वाजला.

"प्रांजल, तू कुठं हायस?" साबेराभाभी धापा टाकत होत्या. "तुझी आई बघ कशी करायलीया. मगाशी एकदम उठली, लुगडी बोचक्यात बांधली. म्हणती, तिचं दार उघडलं, आता माझं हितं काय न्हाई. मी हात धरलाय, पण लय जोर हाय गं त्यांच्यात."

"फोन तिच्या कानाला लावा."

खरखर झाली. मग श्वास ऐकू आला. तोच, फाटकाशी ऐकू यायचा तो, लांबून चालत आल्यावरचा.

"लेकी," हरणाबाई म्हणाली, "भाकरी फडक्यात बांधून ठिवलीया."

ऑफिसातली बाई, फ्लॅटची मालकीण, बत्तीस वर्षांची समजूतदार लेक, सगळं गळून पडलं. त्या दगडांना पाठमोरी उभी राहून ती लहान पोरीसारखी मोठ्यानं ओरडली, "आये! आये, थांब. जाऊ नगंस."

"आले गं, आले," तिच्या पाठीमागून आवाज आला.

आवाज तरणा होता, गोड होता, आणि त्याला कुणी हाक मारल्याचा आनंद झाला होता.

फोनवर साबेराभाभींचा आवाज बारीक झाला. "प्रांजल, माझ्या हातात न्हाईत त्या. आत्ता धरला हुता. दार बंद हाय, मी दारातच हाय." मग त्या पुटपुटत दुआ म्हणायला लागल्या. प्रांजलनं फोन तसाच कानाला धरून ठेवला. तिकडं आता दुसरा श्वास नव्हता.

मागं बांगड्या वाजल्या. कुणीतरी वाकलं, उंबरा ओलांडावा तसं एक पाऊल उंच पडलं. नानासो गुडघ्यांवर बसला होता आणि तोंडात टोपी धरून रडत होता. प्रांजल वळली नाही. मान खाली घालून ती उभी राहिली, म्हणून तिला फक्त पाय दिसले. चौतीस वर्षांच्या बाईचे पाय, टाचा अजून न भेगाळलेल्या. ते तिला वळसा घालून समोर आले. डावा हात मनगटापर्यंत शेणानं भरलेला होता.

बाई तिला वरपासून खालपर्यंत बघत असावी. सँडल, घड्याळ, पर्स. शहरातलं कुणी दिसतंय म्हणून तिनं पदर सारखा केला.

"आवं बाई," तिनं अदबीनं विचारलं, "आमची पोरगी बघितलीसा का हितं कुठं? आठ वर्साची हाय. दार लावून गेलीया रुसून, कवाची."

ती आठ वर्षांची पोरगी दुसऱ्या बाईच्या भाकरीवर मोठी झाली होती. तिला आमच्याकडची बाई म्हणाली होती, आणि आता, जिचे पाय धरायचे होते तिलाच घालवून बसली होती. मी, असं म्हणायला प्रांजलला तोंड राहिलं नव्हतं.

"न्हाई," ती म्हणाली. "न्हाई बघितली."

बाईनं मान हलवली. मग रानापलीकडच्या ओढ्याकडं तोंड करून, डावा हात कपाळावर आडवा धरून तिनं हाक मारली. "प्रांजे..."

हाक उसावरून गेली, पत्र्यांवर आपटून परत आली. तिनं पुन्हा मारली, आणि थोडी थांबून पुन्हा. प्रांजल तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तिनं ओ दिली नाही.